मॅक्रोची शेवटची ओळ

आमच्या लॅबचा ड्यूटी चार्ट पूर्वी मॅडम पेन्सिलीने बनवायच्या. मॅडम म्हणजे आमच्या इन्चार्ज. साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत, एका अंगाला पत्रा कापणारं वर्कशॉप आणि दुसऱ्या अंगाला खोक्यांचं गोदाम, यांच्या मधोमध आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. दिवसभर अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लोक ठिकठिकाणच्या सेंटरांवर रक्त देतात. संध्याकाळी ते सगळे नमुने आमच्याकडे येतात, रात्रभर मशीनवर चढतात आणि सकाळी लोकांच्या मोबाइलवर रिपोर्ट जातो. लोकांना वाटतं तो आपोआप येतो. त्यासाठी रोज रात्री कोणीतरी टेक्निशियन जागी असते हे त्यांच्या डोक्यात येत नाही, आणि यायचं काही कारणही नाही.

नाइट, म्हणजे रातपाळी, कोणालाच नको असायची. महिन्याच्या शेवटी मॅडमचा चार्ट भिंतीवर लागला की लॅबमध्ये दोन दिवस युद्ध चालायचं. कोणी रडायचं, कोणी डबा न खाता बसायचं, कोणी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन दार लोटून घ्यायचं. मग मॅडम खोडरबर काढायच्या. खोडून खोडून कागद मऊ व्हायचा, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या नाइट कमी व्हायच्या. माझाही आवाज लहान नाही. पण मला महिन्यातून एकदा असं ओरडून आपला हक्क मिळवायचा भयंकर कंटाळा आला होता. मला माझ्या वाटणीच्या रात्री करायच्या होत्या, एकही जास्त नको होती, कारण घरी बाबा होते.

बाबा गिरणीत होते. सगळा जन्म रातपाळ्यांत गेला. गिरणी बंद पडली, आई गेली, चाळ पाडून बिल्डरने घाटकोपरला डोंगराच्या बाजूला सातमजली इमारतीत जागा दिली, आणि त्या इमारतीत बाबा हळूहळू विसरायला लागले. दिवसा ठीक असायचे. पेपर वाचायचे, भाजी निवडून द्यायचे. पण रात्री मध्येच उठायचे, अंधारात शर्ट शोधायचे, बटणं लावायचे आणि माझ्याजवळ येऊन उभे राहायचे.

"माका पाळीक जावचा हा. डबो भर."

"बाबा, आज सुट्टी आहे."

"सुट्टी? माका कोणी सांगूक नाय."

"आता मी सांगतेय ना. झोपा."

एवढं म्हटलं की ते शर्ट काढून, नीट घडी करून झोपायचे. रोज नव्याने सांगावं लागायचं, पण सांगितलं की ऐकायचे. फक्त ते सांगायला कोणीतरी घरात हवं होतं. माझ्या नाइटला शेजारच्या काकू आमच्याकडे झोपायला यायच्या. महिन्यातून चार-पाच वेळा त्या आनंदाने यायच्या, त्याहून जास्त मागणं मलाच बरं वाटलं नसतं. त्यांना स्वतःचं घर होतं. भाऊ बदलापूरला. त्याचा फोन यायचा.

तर माझं सगळं गणित त्या चार-पाच रात्रींवर उभं होतं, आणि म्हणूनच मी मॅक्रो शिकले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक्सेलमध्ये आपण तेच तेच काम रोज हाताने करत असलो, तर ते एकदा त्याला शिकवून ठेवता येतं. त्याला मॅक्रो म्हणतात. अगदी सुरुवातीला ते रेकॉर्ड करायचं असतं. बटण दाबायचं, आपण काय काय करतो ते तो बघतो, आणि पुन्हा सांगितलं की जसंच्या तसं करतो. माझ्या पहिल्या मॅक्रोने मी चुकून दाबलेलं बटण, मग ती चूक निस्तरणं, मग उगाच खाली-वर केलेला पडदा, हे सगळं माझ्यासमोर इमानेइतबारे करून दाखवलं. आपली नक्कल कोणी केल्यावर जशी लाज वाटते तशी मला वाटली. पण मजाही वाटली. मग मी व्हिडिओ बघून कोड लिहायला शिकले. मेट्रोत, जेवणाच्या सुट्टीत, बाबा झोपले की. इफ म्हणजे जर, देन म्हणजे तर, एल्स म्हणजे नाहीतर. बी.एस्सी.च्या वेळी मला कोणी सांगितलं असतं की तू चाळिशीनंतर हे करशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी बनवलेला मॅक्रो साधा होता. नावांची यादी, महिन्याच्या तारखा. एकेक तारीख घ्यायची, यादीतलं पुढचं नाव उचलायचं. त्या दिवशी ती व्यक्ती रजेवर असेल, किंवा तिच्या महिन्याच्या वाटणीच्या रात्री भरल्या असतील, तर तिला सोडून पुढची. अख्खी यादी संपली आणि कोणीच मिळालं नाही तर काय, हा प्रश्न होता. तसं सोडलं की तो बिचारा यादीतून गोल गोल फिरत बसायचा, पडदा पांढरा पडायचा आणि कम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा. म्हणून शेवटी एक ओळ घातली. कोणीच नाही मिळालं, नाहीतर हे नाव टाक. नाव कोणाचं टाकायचं? मी माझं टाकलं. चाचणी चालू होती, दुसऱ्या कोणाचं घातलं असतं आणि चुकून तसा कागद छापला गेला असता तर उगाच बोंबाबोंब झाली असती. कोणी रजेवर आणि बाकी सगळ्यांच्या रात्री भरलेल्या, असा दिवस उजाडणारच नव्हता. ती ओळ कधी चालणारच नाही, अशा हिशेबाने मी ती तशीच राहू दिली.

पडद्यावर मी एक हिरवं बटण काढलं आणि त्यावर लिहिलं, 'ड्यूटी लावा'. मॅडमनी ते पहिल्यांदा दाबलं तेव्हा सगळे त्यांच्या खुर्चीमागे गोळा झाले होते. क्षणात महिना भरला. सगळ्यांच्या नाइट सारख्या.

"झकास!" कोणीतरी म्हणालं. "आता भांडायचं कोणाशी यार?"

सगळे हसले, मीही हसले. त्या दिवसापासून मला मॅक्रो मॅडम म्हणायला लागले. मला ते आवडलं, कशाला खोटं बोलू. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं की आता आमच्याकडे कोणी कधी यायचं ते माणूस ठरवत नाही, मी लिहिलेला प्रोग्राम ठरवतो. तेव्हा त्यांना बरंचसं कळत होतं.

"म्हणजे तुझो कम्प्युटर जॉबर झालो."

जॉबर म्हणजे गिरणीत खात्यावर माणसं लावणारा. कायमचे कामगार आले नाहीत की गेटवर उभ्या असलेल्या बदली कामगारांतून तो माणसं उचलायचा. बाबांनी स्वतः कितीतरी वर्षं बदली म्हणून काढली होती. सकाळी गेटवर उभं राहायचं, जॉबरने बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी.

"हा जॉबर पक्षपात करत नाही बाबा," मी म्हटलं.

"जॉबराक बदली लागताच," ते म्हणाले, आणि पुन्हा मेथी निवडायला लागले.

सहा-आठ महिने खरंच सुखाचे गेले. मग एक दिवस मॅडमनी मला बोलावलं. आमच्यातल्या एकीला बाळ झालं होतं, ती रजेवरून परत येत होती. "तिला वर्षभर नाइट नको गं. तुझ्या त्या मॅक्रोत बसतं का बघ." बसत होतं. एक इफ लिहिला. हिचं नाव आलं तर पुढे जा. ह्यात वाईट काय होतं? काहीच नाही. दूध पिणारं पोर टाकून बाईने नाइटला यावं असं मलाही वाटत नव्हतं.

पण मॅक्रोत सूट मिळते हे कळल्यावर मॅडमच्या केबिनचं दार पुन्हा लोटलं जाऊ लागलं. एकीच्या मुलाची दहावी होती. एकीच्या नवऱ्याला स्वतःलाच रातपाळी असते, दोघं एकदम बाहेर कशी राहणार. एकीची सासू सकाळी दार उघडायची नाही, म्हणायची रात्रभर बाहेर राहणाऱ्या सुनेला मी पाणी तापवून देणार नाही. एका मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं, तो काही बोलला नाही, नुसता लाजला, तरी त्याला सूट मिळाली. मुलुंडच्या एकीला नवरात्रात नऊ दिवस गरब्याला जायचं असायचं, "वर्षातून एकदाच तर असतं गं!" आणि एकजण अमावास्येला कामाला यायचा नाही, कारण गोदामाशेजारच्या पिंपळाखालून जावं लागतं. मी त्याला म्हटलं, "अरे तू मायक्रोबायोलॉजी केलंस ना?" तो म्हणाला, "म्हणूनच सांगतोय, जे दिसत नाही तेच डेंजर." अमावास्येच्या तारखा कॅलेंडरवरून बघून मीच घातल्या.

प्रत्येकाचं कारण खरं होतं. हीच पंचाईत होती. कोणी लबाडी करत असतं तर मी तिथेच तोंडावर सांगितलं असतं. एकेक इफ घालताना मला प्रत्येक वेळी वाटायचं, जाऊ दे, एकच तर आहे.

आणि मग ती शेवटची ओळ चालायला लागली.

आधी महिन्यात एकदा, मग दोनदा. यादी संपायची, कोणी मिळायचं नाही, माझं नाव पडायचं. माझ्या वाटणीच्या रात्री होत्याच, त्यांच्यावर या वेगळ्या. एकदा मी माझं नाव काढून तिथे रिकामी जागा सोडली. चार्ट आला तो मध्ये मध्ये दात पडल्यासारखा. मॅडम म्हणाल्या, "अगं, रिकामं कसं चालेल? तुझंच राहू दे तात्पुरतं." मी दुसऱ्या कोणाचं टाकू शकत होते. पण ज्याचं टाकलं असतं त्याने विचारलं असतं, माझंच का? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझंच का, हे मला कोणी विचारत नव्हतं. मी विचारलं तर उत्तर तयार असायचं.

"कम्प्युटरने लावलंय गं. तूच बनवलायस ना?"

पेन्सिलीच्या वेळी मॅडमशी भांडता यायचं. डोळ्यात पाणी आणता यायचं. आता भांडायचं म्हटलं तर माझ्याच हिरव्या बटणाशी. रागाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तो राग ठेवायला कुठे जागा नव्हती.

बाबांचं रात्रीचं उठणं वाढलं तेव्हा मी केबिनमध्ये गेले. दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं. मॅडमना सगळं सांगितलं. त्या वाईट बाई नव्हेत. त्यांनी मला पाणी दिलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आपण सूट कोणाला देतो? नवरा, मुलं, सासू-सासरे. संसाराची अडचण. आईवडील सगळ्यांनाच असतात. ते चालू केलं तर उद्या सगळे इथे येऊन उभे राहतील. आणि तुला भाऊ आहे ना?"

"बदलापूरला आहे."

"मग त्याला सांग ना. तुझ्यामागे तसं काय आहे सांग? तू एकटी. बाकीच्यांच्या मागे किती व्याप असतात."

एकटी. मी बाबांबरोबर राहत होते, त्यांना आंघोळ घालत होते, भरवत होते, आणि मी एकटी. लग्न न केलेल्या बाईची रात्र कोणाचीच नसते असं सगळ्यांना मनापासून वाटतं. त्यात कोणाला काही चुकीचं दिसत नाही, आणि ते त्यांना समजावण्याचा मी नाद सोडला. भावाला फोन केला. तो म्हणाला, आमच्याकडे वन रूम किचन, मुलांचे क्लास, बाबांना नवीन जागेत अजूनच गोंधळ होईल. हेही खरंच होतं.

काकू चार-पाच रात्रींच्या पुढेही आल्या. मग त्यांच्या सुनेचं बाळंतपण आलं आणि त्या येईनाशा झाल्या. रात्रीसाठी एक बाई ठेवून बघितली. अंधारात परकी बाई बघून बाबा इतके ओरडले की मजला जागा झाला, दुसऱ्या दिवशी ती फिरकली नाही. चाळीत असतो तर रात्री बाहेर पडलेल्या म्हाताऱ्याला कोणीतरी हात धरून आणून सोडलं असतं. इथे सगळ्यांची दारं बंद, आणि लिफ्ट थेट खाली रस्त्यावर. एकदा वॉचमनने त्यांना गेटवरून परत आणलं. शर्टाची बटणं लावलेली, पायात चपला. "पाळी चुकली," म्हणत होते. त्यानंतर मी नाइटला जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले. किल्ली काकूंकडे द्यायची. दुसरा उपाय मला तेव्हा सुचला नाही, आजही सुचत नाही.

निघताना मी त्यांना रोज सांगायचे, "बाबा, आज तुमची सुट्टी आहे. मी जातेय." संध्याकाळी त्यांना ते पटायचं.

"तुका रोज रातपाळी कशी?" एकदा त्यांनी विचारलं. त्या दिवशी डोकं स्वच्छ होतं त्यांचं. "तुझ्या जाग्यार बदली नाय कोण?"

मी म्हटलं, "मीच बदली आहे बाबा."

त्यांना समजलं, असं मला वाटलं. त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला समजणार होतं?

ज्या सकाळची ही सगळी हकीकत आहे ती साधीच होती. नाइट संपवून मेट्रोने घाटकोपरला उतरले, दूध घेतलं, काकूंकडून किल्ली घेतली. कुलूप काढलं, पण दार पूर्ण उघडेना. आत काहीतरी अडत होतं. मी हळू हळू रेटलं, फटीतून हात घातला, आणि हाताला शर्ट लागला. बाबा दाराला पाठ टेकून बसले होते. बटणं वरपर्यंत लावलेली. मांडीवर रिकामा डबा. डॉक्टर म्हणाले, पहाटेच्या आधीच कधीतरी, हृदय बंद पडलं, त्यांना फार त्रास झाला नसणार. डॉक्टर असं म्हणतातच. त्यांनी किती वेळ दार ठोठावलं, कोणाला हाका मारल्या, हे मला कोणी सांगू शकलं नाही. काकूंना काही ऐकू आलं नव्हतं. सुट्टी आहे, झोपा, एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं.

तेरावं उरकून कामावर गेले. सगळे चांगले वागले. माझ्या टेबलावर कोणी चहा आणून ठेवला, कोणी मशीनचं काम परस्पर करून टाकलं. दुपारी मॅडमनी बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते. समोर आमच्यातलीच एक मुलगी बसली होती, हातात फाइल घेऊन. तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. तीही एकटीच, भाऊ नाही.

"तुझ्या वेळी मला कळलं नाही गं," मॅडम म्हणाल्या. "झालं ते झालं. आता आपण आईवडिलांचंही घालू या सूटमध्ये. होईल का?"

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. माझ्या ओठांवर आलं होतं की होणार नाही. मॅक्रोत बसत नाही, सगळं नव्याने लिहावं लागेल, महिने जातील. तिने विश्वास ठेवला असता, मॅडमनीही. पण तिच्या हातातल्या फाइलच्या कडा घामाने ओल्या झाल्या होत्या.

"होईल," मी म्हटलं.

मॅडमच्याच कम्प्युटरवर बसले. सगळ्या इफ्सच्या खाली जागा केली आणि वडील असा एक नवा इफ घातला. दोन ओळी होत्या. मॅडमचा चहा निवला नसेल एवढ्यात झालं. दोन ओळी. त्या मला कोणी लिहू दिल्या नव्हत्या, आणि हात माझे असून मीही त्या कोणाला न विचारता लिहून टाकल्या नव्हत्या. मला तिथे बसून मोठ्याने रडावंसं वाटलं. रडले नाही, कारण ती मुलगी "थँक्यू ताई, थँक्यू" म्हणत होती.

मग मी खाली जाऊन ती शेवटची ओळ बघितली. कोणीच नाही मिळालं, नाहीतर माझं नाव. आता ती बदलायला मला कोणी नाही म्हटलं नसतं. त्या दिवशी मी जे मागितलं असतं ते मॅडमनी दिलं असतं. मी प्रत्येकाचं नाव मनात तिथे ठेवून बघितलं. बाळवाली, दहावीवाली, सासूवाली, अमावास्येवाला, आता ही. प्रत्येकाच्या घरी रात्री कोणीतरी होतं. काहीच न बदलता मी हिरवं बटण दाबलं.

महिना भरला. पूर्वी तो चार्ट बघून माझ्या कानशिलांत आग व्हायची. आता एकेका तारखेवर बोट ठेवत मी वरून खालपर्यंत गेले आणि मला एकही चूक सापडली नाही.

"बरोबर आलाय ना?" मॅडमनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आता बरोबर आलाय."

प्रिंट काढून भिंतीवर लावली आणि लवकर घरी गेले. त्या रात्री पाळी माझीच होती, डबा भरायचा होता.